जॉब किती वेळा सुटणार?

दुर्बिणीच्या आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाचा, होल्डर मी लेथवर केला होता. त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मी सहा ठिकाणी मोजला. टेलिस्कोपिक गेज आत उघडायचा, आवळायचा, अलगद बाहेर काढायचा आणि मायक्रोमीटरवर धरायचा. सहाही वेळा आकडा एकच: ३१.८०. सव्वा इंची आयपीसची नळी ३१.७५ मिलिमीटरची असते. म्हणजे पाच शतांश मिलिमीटर मोकळीक. आयपीस स्वतःच्या वजनाने आत उतरायला हवा होता. तो तोंडाशीच अडकला. फिरवून पाहिला, दोनेक मिलिमीटर आत गेला आणि पुन्हा घट्ट बसला.

मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते. शाळेसाठी ८० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण करायची ठरवली होती. भिंग आणि नळी विकत घेतली. भिंगाचं घर, फोकसर (आयपीस पुढेमागे सरकवणारा भाग), आयपीसचा होल्डर हे सगळं घरच्या लेथवर करायचं होतं. लेथ टेबलावर मावणारा आहे. स्विंग (फिरू शकणारा मोठ्यात मोठा व्यास) १८० मिलिमीटर, दोन सेंटरमध्ये अंतर ३५०, स्पिंडलला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) २० मिलिमीटरचं आरपार भोक आणि तोंडाशी तीन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे ठरावीक मापाचा निमुळता भाग. सोबत ८० मिलिमीटरचा थ्री जॉ चक, म्हणजे तीन जबड्यांची पकड, आला होता. दोन वर्षं मी त्याच चकावर नॉब, बुश, स्पेसर असली कामं करत होते आणि कधी अडलं नव्हतं. कारण त्यातलं एकही काम खरं तर अचूक नव्हतं, हे मला या होल्डरने दाखवलं.

होल्डर घेऊन मी उद्यमनगरात मामांकडे गेले. त्यांचा साडेचार फुटी लेथ आहे. ऑइल इंजिनांच्या पार्टवर चाळीस वर्षं गेली आहेत त्यांची. त्यांनी माझा मायक्रोमीटर बाजूला ठेवला, होल्डर व्ही ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात, आडवा टाकला, लिव्हर डायलचं (बारीक हालचाल सुईने दाखवणाऱ्या मापकाचं) टोक बोअरच्या आत टेकवलं आणि होल्डर बोटाने सावकाश फिरवला. सुई एका फेऱ्यात एकदा मोठी चढली आणि उतरली. त्या मोठ्या चढउतारावर आणखी तीन लहान चढउतार होते. मामांनी तीनदा फिरवून दाखवलं. तीनही वेळा तसंच.

"बाई, तुमी जॉब पकडला न्हाई, आवळलाय."

जॉब म्हणजे लेथवर कापायचा तुकडा. मोठा चढउतार म्हणजे बोअर बाहेरच्या गोलाच्या मध्यात नव्हता. तीन लहान चढउतार म्हणजे बोअर गोलच नव्हता. होल्डरची भिंत तीन मिलिमीटरची. मी आधी बाहेरून ३८ मिलिमीटर टर्न केला, कापून वेगळा केला, मग उलटे जॉ लावून त्याच ३८ वर पकडला आणि बोअर मारला. बोअर मारताना जॉब घसरू नये म्हणून चावी जोरात फिरवली. तीन जॉ टेकले त्या ठिकाणी भिंत आत दबली, मधल्या तीन ठिकाणी फुगली. टूलला यातलं काही कळत नाही, तो समोर येईल ते गोल कापतो. दबलेल्या जागी धातू जास्त निघाला, फुगलेल्या जागी कमी. चक सोडला, ॲल्युमिनियम मूळ आकारावर परतलं आणि गोल बोअर तिकोनी झाला.

मायक्रोमीटरला हे का दिसलं नाही, ते मी घरी येऊन कागदावर काढलं तेव्हा नीट उमगलं. जॉ तीन आहेत. म्हणून दबलेल्या जागेच्या बरोबर समोर नेहमी फुगलेली जागा येते. दोन टोकांत मोजणारं कुठलंही साधन एका बाजूचं जास्त आणि समोरचं कमी यांची बेरीज करतं, आणि ती बेरीज सगळीकडे सारखी भरते. रूलोचा त्रिकोण मी वर्गात पुठ्ठ्याचा कापून दाखवते, दोन पट्ट्यांमध्ये फिरवते आणि मुलींना सांगते, बघा, गोल नाही तरी रुंदी सगळीकडे सारखी. तोच त्रिकोण माझ्या हातात होता आणि मी सहा वेळा मोजून त्याला गोल म्हणत होते. प्रत्येक लाटेची उंची साठ मायक्रॉन होती. ३१.८० मधून साठ मायक्रॉन वजा केले की आत मावणारा खरा गोल ३१.७४ चा उरतो. आयपीस ३१.७५ चा. तो जाणार कसा?

पातळ भिंतीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा मुद्दाम करावा असं मला वाटतं. एक कडं घ्यावं, थ्री जॉमध्ये घट्ट आवळावं, आत बोअर मारावा, सोडावं आणि डायल लावून फिरवावं. वाचून हे पटत नाही.

पुढच्या रविवारी मामा घरी आले. मी तोवर नवा चक घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. कुठला कोलेट चक (खाचांच्या बाहीने जॉब चहूबाजूंनी आवळणारा), कुठला महागडा थ्री जॉ, ज्याला मागून चार स्क्रूंनी सेंटर जुळवता येतो तसला, अशी यादीही तयार होती. मामांनी यादी वाचली आणि म्हणाले, "आदी स्पिंडलला इचारू. मग चकाला."

चक उतरवला. स्पिंडलच्या फ्लँजवर चक बसतो ती खांद्यासारखी कडा आणि तिचा चेहरा, दोन्ही पुसून डायल लावला. कडेवर सुई एका रेघेपेक्षा कमी हलली, म्हणजे एक शतांशाच्या आत. मोर्स टेपरच्या आतही तसंच. स्पिंडल चांगला होता. हे आधी पाहणं किती गरजेचं आहे ते मला तेव्हा कळलं. स्पिंडलच हलत असेल तर जगातला कुठलाही चक त्याला सुधारू शकत नाही, आणि मी तर न बघताच पैसे खर्च करायला निघाले होते.

मग चक परत बसवला. तपासायला माझ्याकडे १० आणि १६ मिलिमीटरच्या डॉवेल पिना होत्या. २० मिलिमीटरसाठी मामांनी ग्राइंड केलेल्या शाफ्टचा तुकडा आणला होता. जॉच्या अगदी जवळ वाचन घेतलं: १० वर सहा शतांश, १६ वर अकरा, २० वर आठ. एकच चक, तीन व्यास, तीन वेगळी उत्तरं. थ्री जॉमध्ये आतल्या चकतीवर गुंडाळीसारखा आटा असतो, तो तीनही जॉ एकदम सरकवतो. व्यास बदलला की आट्याचा वेगळा भाग कामाला लागतो, आणि त्या भागाची जी काही चूक असेल ती जॉबला मिळते. म्हणून "माझा चक पाच शतांश आउट आहे" या वाक्याला, कुठल्या व्यासावर ते सांगितल्याशिवाय, फारसा अर्थ नाही. जॉपासून ८० मिलिमीटर पुढे १६ च्या पिनेवर जोडलेल्या नळीवर डायल लावला तर पंधरा शतांश. म्हणजे जॉब नुसता बाजूला नव्हता, तिरकाही होता.

सुईचा आकडा वाचताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. डायल अकरा शतांश दाखवतो तेव्हा मध्य साडेपाच शतांश सरकलेला असतो. मी काही दिवस पूर्ण आकडा धरून हिशोब करत होते आणि प्रत्येक दुरुस्ती दुप्पट करत होते.

चक उघडून धुतला. आट्याच्या खोबणीत पितळेचा कीस बसला होता आणि दोन नंबरच्या जॉच्या दातावर बारीक बर्र, म्हणजे धातूची उभी राहिलेली कड, होती. ती ऑइलस्टोनने काढली, जॉ नंबरांच्या क्रमाने बसवले. चावी घालायची तीन भोकं आहेत. प्रत्येकातून आवळून पाहिलं तर एका भोकातून आवळल्यावर वाचन सर्वांत कमी येत होतं. त्या भोकाशेजारी मामांनी पंचने एक टिंब मारलं. १६ वरचा अकराचा आकडा सातावर आला. खर्च शून्य. पण सातच, त्याखाली नाही.

त्या रात्री मी चकांची यादी बाजूला ठेवली आणि दुसरी यादी केली. दुर्बिणीचा प्रत्येक पार्ट लिहिला आणि त्याच्यापुढे, तो पूर्ण होईपर्यंत लेथवरून किती वेळा सुटणार, ते लिहिलं. होल्डरपुढे "दोनदा". पिनियनच्या (फोकस सरकवणाऱ्या दातेरी चाकाच्या) शाफ्टपुढे "चारदा, कदाचित पाचदा". भिंगाच्या घरापुढे "एकदा". थंबस्क्रूंपुढे "एकदा, पण सहा नग".

तेव्हापासून माझा सगळा विचार याच प्रश्नावरून सुरू होतो. जॉब एकदा पकडला आणि न सोडता जेवढी टोकं, पायऱ्या, बोअर त्याच पकडीत कापले, ते सगळे एकमेकांशी स्पिंडलइतके खरे असतात. चक सात शतांश आउट असो नाहीतर सत्तर. पहिल्या कटानंतर जॉब स्पिंडलच्या मध्यावरच फिरतो, कारण टूलने त्याला तसा केलेला असतो. चूक शिरते ती सोडून पुन्हा पकडताना. चकाच्या अचूकतेसाठी पैसे मोजायचे ते फक्त या पुन्हा पकडण्यासाठी. आणि पुष्कळदा कामाचा क्रम बदलला तर ते पुन्हा पकडणंच टळतं.

होल्डर मी तसाच केला. एचई-३० या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा ४० मिलिमीटरचा बार, पकडायला १२ मिलिमीटर जास्त ठेवून. तो भाग भरीव, त्यामुळे आवळला तरी पुढच्या बोअरला धक्का नाही. एकाच पकडीत फेसिंग (चेहरा सपाट कापणं), ३८ चं टर्निंग, ड्रिल, बोअर, ड्रॉ ट्यूबमध्ये (फोकसरच्या सरकत्या नळीत) बसणारी पायरी. शेवटचा बोअरचा कट अगदी हलका, आणि त्याआधी जॉब पाच मिनिटं थंड होऊ दिला. मग पार्टिंग, म्हणजे कापून वेगळा करणं.

राहिला मागचा चेहरा. तिथे जॉब सुटलेला आहे, पुन्हा पकडायला हवा. त्यासाठी स्टब मँड्रेल, म्हणजे जॉबच्या भोकात शिरून त्याला आतून धरणारा आखूड दांडा. लोखंडी बारचा तुकडा थ्री जॉमध्ये पकडला, समोरून ड्रिल आणि एम-८ चा टॅप, काउंटरसंक डोक्याच्या स्क्रूसाठी तोंडाशी उतार दिला, आणि हॅकसॉने चार खाचा मारल्या. मग स्क्रू हलका टेकवून बाहेरचा शेवटचा कट घेतला, ३१.७९. या कटानंतर चकाला हात लावायचा नाही. होल्डर त्यावर सरकवला, स्क्रू पाव फेरा फिरवला, चारही पाकळ्या किंचित उघडल्या आणि होल्डर बसला. बाहेरून डायल लावला. सुई अर्ध्या रेघेत राहिली. त्याच सात शतांश आउट असलेल्या चकावर. मी दहा मिनिटं नुसती फिरवून बघत होते.

आयपीस सोडला. हवेला वाट काढत सावकाश खाली गेला आणि टेकला.

मामांचा आग्रह फोर जॉचा होता. "चार जॉ असलं की काय बी धरता येतंय." फोकसरची बॉडी ६० बाय ६० च्या चौकोनी ठोकळ्यातून करायची होती, ती थ्री जॉमध्ये बसणारच नव्हती. म्हणून १०० मिलिमीटरचा फोर जॉ इंडिपेंडंट चक घेतला, ज्याचा प्रत्येक जॉ वेगळा सरकतो, त्यासाठी बॅकप्लेट (चक स्पिंडलला जोडणारी चकती) घेतली आणि तिचा चेहरा माझ्याच स्पिंडलवर कापून घेतला. फोर जॉच्या बॅकप्लेटची पायरी जरा ढिली झाली तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक जॉब आपण नव्याने डायल लावूनच ट्रू करणार, म्हणजे मध्यावर आणणार असतो. मी पहिल्यांदा त्यात नको इतकी घालमेल केली.

पहिला जॉब ट्रू करायला मला पाऊण तास लागला. एक जॉ आवळायचे, सुई भलतीकडे जायची. मामांची पद्धत अशी: चारही जॉ एकदम बघायचे नाहीत, समोरासमोरची एक जोडी घ्यायची. दोन्ही जॉपाशी सुई काय म्हणते ते बघायचं, फरकाचा अर्धा करायचा. समजा एकीकडे ४० आणि समोर १०, तर सरकवायचं १५. ज्या बाजूला सुई जास्त चढते तो जॉ आवळायचा, पण त्याआधी समोरचा कणभर सैल करायचा. मग दुसरी जोडी. दोन चाव्या असल्या तर दोन्ही हातांनी एकदम होतं. मी दुसरी चावी करूनच घेतली. आता पाच मिनिटं पुरतात, आणि एक शतांशाच्या आत सहज येतं. ठोकळ्यावर जॉचे वण पडू नयेत म्हणून शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याच्या पट्ट्या कापून मध्ये घालते. जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास आणि सगळीकडे एकसारखी.

एक काळजी मात्र मनापासून सांगते. लहान लेथवर १०० चा फोर जॉ जड आहे, आणि त्याचे जॉ चकाच्या घेराबाहेर येतात. मोटर सुरू करण्यापूर्वी हाताने पूर्ण एक फेरा. ओढणी खोलीच्या बाहेर, केस बांधलेले, बाह्या कोपरावर. चावी चकात ठेवून हात सोडायचा नाही, एका सेकंदासाठीही नाही.

कोलेटच्या बाबतीत माझं आणि मामांचं पटलं नाही. त्यांच्या मते फोर जॉ असताना कोलेट म्हणजे पैसे घालवणं. माझ्यापुढे ८ मिलिमीटरच्या पितळी सळईतून सहा थंबस्क्रू, फोकस नॉबचे बुश आणि अशाच बारक्या पार्टांचा ढीग होता. प्रत्येक नगाला पाच मिनिटं डायल लावायची माझी तयारी नव्हती.

आधी ५सी कोलेट बघितले. त्यांचं अंग सव्वा इंच व्यासाचं, म्हणजे माझ्या आयपीसइतकंच. माझ्या २० मिलिमीटरच्या स्पिंडलमध्ये ते शिरायचेच नाहीत. उरले ईआर जातीचे कोलेट. ईआर-३२ मध्ये २ पासून २० मिलिमीटरपर्यंत पकडता येतं. त्याचा चक दोन प्रकारांनी मिळतो. एक, मोर्स टेपरचा दांडा असलेला, थेट स्पिंडलमध्ये ठोकायचा आणि मागून ड्रॉबारने ओढायचा. अचूक बसतो, पण ड्रॉबारने स्पिंडलचं भोक बंद होतं, लांब सळई मागून घालता येत नाही. दुसरा, फ्लँजवर बसणारा, आरपार भोक असलेला. मला सळईतून एकामागून एक नग काढायचे होते म्हणून दुसरा घेतला. इथे मात्र पायरीला महत्त्व आहे, चक नेमका मध्यावर आणायला त्याला सरकायला जागा हवी. मी बॅकप्लेटची पायरी मुद्दाम दोन दशांश लहान ठेवली, बोल्ट अर्धवट आवळले, चकाच्या आतल्या टेपरवर डायल लावला आणि तांब्याच्या हातोडीने टकटक करत सुई जवळजवळ थांबेपर्यंत आणला. मग बोल्ट पूर्ण आवळले. त्यानंतर दर वेळी चक उतरवला की तो पुन्हा असाच ठोकून जुळवावा लागतो, ही त्याची किंमत.

कोलेटचा सेट स्वस्तातला होता. अठरांपैकी तीन चांगलेच आउट निघाले, ते मी रंग लावून वेगळे ठेवलेत. आणि वापरायची पद्धत मला कुणी सांगितली नव्हती. मी कोलेट चकात टाकून वरून नट लावत होते. तो वाकडा बसायचा आणि सोडताना आत अडकायचा. बरोबर पद्धत म्हणजे कोलेट तिरका करून आधी नटच्या आतल्या कड्यात खट् आवाज येईपर्यंत बसवायचा आणि मग नटासकट चकावर लावायचा. ते कडं किंचित बाजूला कापलेलं असतं, तेच नट सोडताना कोलेटला बाहेर ओढतं. दुसरी गोष्ट, तोकडा जॉब कोलेटच्या तोंडाशीच पकडला तर मागची बाजू मिटते आणि जॉब वाकडा होतो. मी मागून त्याच व्यासाचा तुकडा घालते.

हे सगळं सांभाळलं की काम सुरेख होतं. दहा सेकंदांत सळई पुढे, एक शतांशाच्या जवळपास, पितळेवर एक ओरखडा नाही, आणि दाब चारही बाजूंनी, त्यामुळे पातळ नळीही तिकोनी होत नाही. मामांनी एकदा येऊन सहाही थंबस्क्रू निघताना पाहिले. काही बोलले नाहीत. जाताना, ईआर-४० मध्ये जास्तीत जास्त केवढा बार बसतो, एवढं विचारून गेले. पण हेही खरं की ज्या होल्डरसाठी मी कोलेट चक घ्यायला निघाले होते, तो ३८ चा होल्डर या कोलेटमध्ये मावतच नाही. त्या पहिल्या यादीवर विसंबून खरेदी केली असती तर चक घरात आणि होल्डर तिथेच.

भिंगाचं घर मला सगळ्यांत धास्तीचं वाटत होतं. ९२ मिलिमीटरचं कडं, आत ८० च्या भिंगासाठी बोअर, भिंत सहा मिलिमीटर. आणि इथे तिकोनी बोअरचा दोष आयपीस अडकण्याइतका साधा नाही. भिंग तीन ठिकाणी दाबलं गेलं की काच अगदी थोडी वाकते आणि तारा तिकोनी दिसतो. उन्हाळ्यात ढिलं वाटणारं घर हिवाळ्यात दाबू शकतं. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन आकसतं, भिंगाची साधी क्राउन काच सातच्या आसपास. ८० मिलिमीटरवर, २५ अंशांच्या फरकाला, घर भिंगापेक्षा सुमारे ३२ मायक्रॉन जास्त आकसणार. मी एकूण दीड दशांश मोकळीक ठरवली होती. गोल बोअर असेल तर ती भरपूर. बोअर साठ मायक्रॉन तिकोनी निघाला तर त्यातली बरीचशी तिथेच संपते.

मग मी ते कडं बाजूने पकडलंच नाही. फेसप्लेट, म्हणजे चकाऐवजी बसणारी सपाट तबकडी, लावली, मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद घातला म्हणजे पकड घसरत नाही, आणि जाड प्लेटचा तुकडा मागे दाबून तीन क्लँपनी आवळला. दाब स्पिंडलच्या दिशेने, त्रिज्येच्या दिशेने काहीच नाही. त्या दिशेला कडं आवळलं तर गोलपणाला सहसा हात लागत नाही. डायल लावून मध्य आणला, हाताने फिरवून क्लँप बेडला लागत नाहीत ते पाहिलं, कमी वेगावर बोअर मारला. सोडल्यावर व्ही ब्लॉकमध्ये ठेवून पाहिलं. तीन लाटा नव्हत्या.

शाफ्टसाठी सर्वांत जुनी पद्धत वापरली. पिनियनचा शाफ्ट ८ मिलिमीटरचा, लांबी ११०, मध्ये पिनियन, दोन्हीकडे बुशमध्ये फिरणारे भाग, टोकांना नॉब. हे एकमेकांशी जुळले नाहीत तर फोकस करताना रॅक (दातेरी पट्टी) एका ठिकाणी घट्ट आणि एका ठिकाणी ढिली लागते. जॉब चारदा-पाचदा काढून पिनियन घालून बघायचा होता. म्हणून दोन सेंटरमध्ये. दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल मारले. हेडस्टॉकच्या (स्पिंडलच्या) बाजूला तयार सेंटर न लावता थ्री जॉमध्ये लोखंडी तुकडा पकडून त्याला साठ अंशांचं टोक तिथल्या तिथे कापलं. पुन्हा तेच: चक आउट असला तरी टोक स्पिंडलच्या मध्यावर. शाफ्टला कॅरियर, म्हणजे त्याला आवळून फिरवणारी पकड, लावला, चकाच्या जॉने तो ढकलला.

पहिल्या कटात १०० मिलिमीटरवर तीन शतांशांचा टेपर आला, टेलस्टॉककडची (जॉबचं दुसरं टोक जिथे टेकतं ती) बाजू जाड. टेलस्टॉक त्याच्या निम्मा, दीड शतांश, माझ्या बाजूला सरकवला. तिसऱ्या खेपेला दोन्ही टोकं सारखी झाली. त्यानंतर शाफ्ट किती वेळा काढला मोजलं नाही. प्रत्येक वेळी परत लावला की सुई होती तिथेच. उलटा करून लावला तरी तिथेच. जॉब सुटला तरी त्याचा मध्य त्याच्याच टोकांत राहतो, चकाच्या आट्यात नाही. शाफ्ट पूर्ण झाल्यावर टोकं कापून छान करावीत असं वाटलं होतं. तशीच ठेवली. बुश झिजले तर हा शाफ्ट मामांच्या लेथवरही त्याच मध्यावर परत चढेल.

थ्री जॉ अजून लेथवर असतो, टिंब मारलेल्या भोकातून आवळते. मामा म्हणतात जॉ ग्राइंड करून घेऊ. जॉची तोंडं फाकली आहेत हे खरं, ८० मिलिमीटर पुढचा आकडा त्यामुळेच वाढतो. पण ग्राइंड करताना जॉवर जॉब पकडल्यासारखा ताण ठेवायला हवा, नाहीतर दगड ढिल्या जॉला गोल करील आणि आवळले की ते पुन्हा फाकतील. त्यासाठी जॉच्या मागे अडकवायचं कडं आधी करायचं आहे. ते एकाच पकडीत होईल.

दुर्बीण नोव्हेंबरात पुरी झाली. गच्चीवर तेव्हा २४ अंश होते आणि तारे ठीक दिसले. मला थंडीत बघायचं होतं. जानेवारीत एका पहाटे पाच वाजता पारा चौदावर होता. दुर्बीण तासभर बाहेर ठेवून थंड होऊ दिली आणि पूर्वेला स्वाती तारा धरला. फोकस थोडा आत घेतला, मग थोडा बाहेर. दोन्हीकडे ताऱ्याभोवतीची वलयं गोल होती.